माझ्या फळमाश्यांचा कूलर

डोंगरे सर,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. “ताई, परवा बाबांची शोकसभा आहे. तुम्ही त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनी. दोन शब्द बोला ना!” फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

लाडकी? कधीपासून?

आमगावहून रोज रेल्वेनं गोंदियाला यायचे मी, तुमच्या प्रयोगशाळेत फळमाश्या सांभाळायला. अळीचा कोष व्हायचा तर तिच्या शरीरात एक्डायसोन हार्मोन वाढावं लागतं आणि पेशींतल्या रिसेप्टरनं ते पकडावं लागतं. माझ्या वाणातल्या काही अळ्यांमध्ये तो रिसेप्टरच बिघडलेला. हार्मोन असूनही त्यांचा कोष होत नसे. बाटलीच्या काचेवर नुसत्या फिरायच्या आणि मरायच्या. पहिल्यांदा दिसलं तेव्हा धावत तुम्हाला बोलवायला आले होते! तुम्ही पेपरातून मान वर केली नाहीत.

मग मे महिना. त्या उन्हात एकच कूलर माश्यांना कसाबसा जगवत होता. बहिणीच्या लग्नाला जाताना हात जोडून सांगितलं होतं, “सर, कूलर बंद होऊ देऊ नका.” परत आले तर कूलर तुमच्या केबिनमध्ये! बाटल्यांच्या तळाशी मेलेल्या माश्यांचा थर.

“अरे, मक्खियाँ ही तो थीं,” तुम्ही म्हणालात. “दुसऱ्या आणू.”

आणल्यात? उलट पीएचडीच्या समितीपुढे सांगितलंत, “पोरीचं लक्ष लग्नकार्यात.” पीएचडीच्या यादीतून माझं नाव कटलं. कूलरबद्दल एक अक्षर नाही!

घरी बाबा म्हणाले, “काऊन रडून राहिली व? माश्यांसाठी कोणी रडते का?” त्यांना सगळं सांगितलं.

नागपूरच्या एका प्राध्यापक बाईंनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत घेतलं. तोच वाण पुन्हा मागवला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पीएचडी झाली. आमगावात सत्कार झाला तर तुम्ही पहिल्या रांगेत! “माझीच विद्यार्थिनी,” म्हणत बाबांपुढे हात केलात. बाबांनी तो हातात घेतला नाही. “कूलर घेऊन आले का, साहेब?” एवढंच विचारलं. तुम्ही हसलात. हसलात, सर!

तुमच्या मुलीचं वाईट वाटतं. तिचे वडील गेलेत. परवा येईन, तिच्याजवळ बसेन. पण माईक हातात घेणार नाही. तुम्ही गेलात म्हणून तुम्हाला चांगलं म्हणणार नाही, तिनं विनवलं तरी नाही. हे माझं वचन.

वैशाली