गोदामाच्या चौथ्या मजल्यावरील कठडा न काढण्याबाबत

प्रति,
मा. अपघात चौकशी अधिकारी,
कामगार सुरक्षा कार्यालय

विषय : कठडा जागेवर राहू देणे व माझा आधीचा अर्ज रद्द समजणे.
संदर्भ : चाचणीसाठी कठडा काढण्याचा आपला आदेश.

महोदय,

मी निवृत्त विज्ञानशिक्षक आहे. माझा मुलगा धान्याच्या गोदामात चौथ्या मजल्याच्या उघड्या दारात उभा राहून, कप्पीवरून वर येणारी पोती आकड्याने आत ओढत असे. तिथून खाली पडून तो मेला. आपल्या अहवालात मात्र त्याने उडी मारली असे आहे. कारण, पडणारा माणूस भिंतीलगत सरळ खाली येतो असा आपला सिद्धांत आहे, आणि मुलगा भिंतीपासून बराच दूर सापडला.

तेव्हापासून शेजारपाजारचे लोक माझ्या सुनेला, "घरात असं काय झालं होतं गं?" असे मायेने विचारतात. 'उडी' हा शब्द खोडला जावा, एवढ्यासाठीच माझा आधीचा अर्ज होता.

सिद्धांत कोणाचाही असो, तो तपासून पाहावा, असे मी मुलांना शिकवत आलो. म्हणून गोदामाच्या पहारेकऱ्याची मनधरणी करून मी मुलाच्या वजनाचे कोंड्याचे पोते कप्पीवरच्या पोत्याला सैल गाठीने अडकवले आणि झोका दिला. झोका बाहेर गेला, गाठ सुटली, आणि मुलगा सापडला होता तिथेच कोंडा सांडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. म्हणजे आत ओढताना माघारी फिरलेल्या पोत्याने त्याला आकड्यासकट सोबत ओढून नेले होते. तिसऱ्या खेपेला पहारेकरी म्हणाला, "मास्तर, पुरे करा आता. बघवत नाही."

त्यावर आपण कळवलेत की, पोत्याला मन नसते. सबब त्याची उडी मारण्याची इच्छा होती किंवा कसे, हे ठरवता येत नाही. हा मुद्दा मला सुचला नव्हता, हे कबूल करतो.

पुढे कार्यालयाने स्वतः प्रयोग केला. आपले कर्मचारी जेवणाच्या सुट्टीभर त्या दारात उभे राहिले. कोणीही पडले नाही. तिथून माणूस आपसूक पडत नाही, हे सिद्ध झाले. तोवर दारात कमरेएवढा कठडा बसवला गेला होता, ही बाब मी नम्रपणे निदर्शनास आणली. तिथेच माझे चुकले.

आपण माझी हरकत तत्काळ मान्य केलीत. चाचणी मूळ परिस्थितीतच व्हावी म्हणून सोमवारी कठडा काढावा, कोणी पडते का याची पुढील आदेशापर्यंत नोंद ठेवावी, काम मात्र थांबवू नये, असा आदेश निघाला. इतका शास्त्रशुद्ध आदेश मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

महोदय, त्या दारात आता माझी सून उभी असते. मालकांनी मुलाच्या जागी तिला घेतले आहे.

तरी मी लेखी मान्य करतो की, पडणारा माणूस सरळ खालीच येतो. माझ्या मुलाने उडी मारली. कारण लागत असल्यास, घरात भांडण झाले होते आणि ते माझ्याशी झाले होते, असे लिहून घ्यावे. कठडा तेवढा राहू द्यावा.

या अर्जावर सुनेने सही केलेली नाही. ती म्हणते, "बाबा, तुम्ही मागे हटू नका. काढू देत कठडा. मी सांभाळून उभी राहीन."

तोही सांभाळूनच उभा असायचा.

आपला निष्कर्ष मान्य असलेला,
(सही)
मृताचा बाप

दिनांक : शुक्रवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

सोबत : कोंड्याच्या प्रयोगाची टिपणे (फाडलेली)