आखाजीला न आलेली लेक

धुळे

आई,

सगळ्या लेकी माहेरी येतात त्या आखाजीच्या सणाला सहा वर्षं मी पारोळ्याला आले नाही. "तुना नवरा दगड शे," हेच मला धाडत नाहीत असं समजून तू फोनवर म्हणायचीस आणि मी ऐकून घ्यायचे. खरं तर त्याच दिवसांत पुरणाच्या मांड्यांना सगळ्यात जास्त मागणी असते. तू शिकवलेले मांडे मी खापरावर भाजून विकले आणि तो पैसा दरवर्षी घराच्या कर्जात जादा भरला. लेक सणाला लोकांसाठी राबते हे कळलं असतं, तर तुझ्या घशाखाली घास उतरला नसता. म्हणून हेच म्हणाले, "बोल मला लागू दे."

काल कर्ज फिटलं, चार वर्षं आधीच. हे पत्र मी टाकणार नाही, तुला यातलं काही न सांगण्याची ह्यांनी शपथ घातलीय. पण यंदा आम्ही दोघं येतोय. पहिला मांडा ह्यांच्या ताटात वाढ गं.

तुझी दिपमाला