गाडी कोण चालवत होतं

प्रिय भिंगऱ्या,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. ऑफिसात आता सगळे तुला साहेब म्हणतात. पण पाळण्यातसुद्धा एका जागी न ठरणाऱ्या पोराला मी ठेवलेलं नाव आहे हे, माझ्या तोंडातून जायचं नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, हे तुलाही चांगलं ठाऊक आहे. म्हणून दुकान उघडायच्या आधी काउंटरवरच्या चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून लिहायला बसलेय.

त्या रविवारचं काही केल्या डोक्यातून जात नाही. आईला मावशीकडे सोडून आपण परतत होतो. पुढे तू नि मी, मागे तुझी ठकू. नवा रस्ता, सरळसोट, भर दुपारी चिटपाखरू नाही. "ताई, बघ आता गाडी कशी पळते," म्हणालास. मी काट्याकडे पाहिलं तेव्हा तो एकशे सत्तरच्या पुढे गेला होता. ऐंशीची पाटी कधी आली नि गेली, मला वाचताही आली नाही. आणि माझा धंदाच मुळी लोकांना वाचता यावं म्हणून चष्मे लावण्याचा! मी "अरे हळू, हळू" करत राहिले, तू हसत राहिलास. ठकू मात्र रडत नव्हती, ते मला जास्त लागलं. तिनं दोन्ही हातांनी माझ्या सीटची पाठ घट्ट धरली होती. तिची बोटं मला खांद्यामागे जाणवत होती. पुढे तू आपण होऊनच वेग कमी केलास, पेट्रोल पंपावर तिला आइस्क्रीम घेऊन दिलंस, आणि विषय संपला असं आपल्याला वाटलं. कॅमेऱ्याचा खांब आपल्यापैकी कुणालाच दिसला नव्हता.

मग तू नोटीस घेऊन दुकानात आलास. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसलास, तुझे गुडघे काउंटरला लागत होते. फोटो मागून काढलेला. नंबर स्वच्छ, माणसं दिसत नाहीत. खाली एकच प्रश्न : गाडी कोण चालवत होतं? तू म्हणालास, "ताई, ही माझी तिसरी वेळ आहे. परवाना जाणार, कोर्टात उभं राहावं लागणार, आणि न्यायाधीश कडक निघाला तर सरळ आत. फिरतीची नोकरी माझी, ती गेलीच समज. तू चालवत होतीस असं सांगितलं, तर तुझी पहिलीच वेळ. दंड होईल, तो मी भरेन. परवाना गेला तरी दुकान तुझं घराखालीच आहे." सगळं मुद्देसूद होतं. विक्री करायला तू शिकलायस, यात शंका नाही.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रात्री जेवताना आईनं विषय काढला. "त्याला बायको आहे, पोर आहे. तुझ्यामागे कोण आहे?" असं म्हणाली. वाईट बोलायचं म्हणून बोलली नाही रे ती. मीठ दे म्हणावं तितक्या सहज बोलली. मी ताटावरून उठले नाही. उलट मला वाटलं, म्हणतेय ते खरंच आहे. पाठच्या भावासाठी एवढं करायला काय हरकत आहे? मी जवळजवळ तयार झाले होते.

आणि मग मंगळवारी तुझी बायको ठकूला डोळे तपासायला घेऊन आली. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शाळेतून सांगितलं होतं ना. आतल्या अंधाऱ्या खोलीत तिला उंच खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली. ती सारखी घसरत होती, मला हसू येत होतं. वरच्या ओळीतली अक्षरं तिनं वाचली आणि न थांबता, कविता म्हणावी तशी एका दमात म्हणाली, "आत्या, त्या दिवशी गाडी तूच चालवत होतीस, पप्पा शेजारी बसले होते आणि मी झोपले होते." मग मान वर करून विचारलं, "बरोबर म्हटलं ना? पप्पा म्हणाले, विचारलं कुणी तर असंच सांगायचं."

काच बदलायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली. काच हातातून सुटता सुटता राहिली. मी विचारलं, "तू झोपली होतीस का गं?"

"नव्हते. पण आता झोपले होते असं ठरलंय."

तुझी बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. जाताना माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

भिंगऱ्या, काल सकाळी मी वाहतूक शाखेत जाऊन आले. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी म्हटलं, माझा भाऊ. "सख्खा?" मी म्हटलं, सख्खा, पाठचा. लिहिता लिहिता त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. तू अजून उत्तर पाठवलं नाहीस ते बरं झालं. खोटं लिहून दिलं असतंस तर त्याची वेगळी शिक्षा झाली असती. आता तुला कोर्टाचं बोलावणं येईल. ते हातात पडण्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आईला सांगितलंय. तेव्हापासून ती स्वतःचं ताट स्वतः वाढून घेते. तूही माझ्याशी बोलू नकोस, हवं तितके दिवस. मी समजून घेईन. पण तारखेला मी येणार आणि तुझ्या मागच्याच बाकावर बसणार. तुझा परवाना गेला की ठकूला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे, आणि तुला आत जावं लागलं तर भेटीच्या दिवशी तुझ्या बायकोला तिकडे घेऊन येणंही माझ्याकडेच. माझं फक्त एक ऐक. हे वाचशील त्याच संध्याकाळी ठकूला जवळ घे आणि तुझ्या तोंडानं तिला सांग, की त्या दिवशी ती जागी होती.

तुझीच,
ताई