अक्काचा हिस्सा, मुक्काम इंटरनेट

घनसावंगी,
१२ नोव्हेंबर २००८

तीर्थरूप बद्रीनाथमामा यांस,

झुंबरचा वाकून नमस्कार. मामींनाही. (त्यांना खरं तर वेगळा लिहायला हवा, पण डोळ्याची पट्टी सुटली की नाही ते कळलं नाही. सुटली नसेल तर हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा माझा नमस्कार सांगताना आवाज जरा मऊ ठेवा.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुमच्या रामकिसनकडून समजलं, बरं वाटलं. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की लावलं म्हणून सांगता? इकडे सगळे बरे आहोत. ह्यांना खोकला आहे, पण तो कापसाच्या वेचणीला दरवर्षी येतो आणि भाव कळला की जातो. बालवाडीत यंदा पोरं जास्त आणि चटया कमी, म्हणून निम्मी माझ्या मांडीवर असतात.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आभार. मामाचे आभार मानायचे नसतात हे मला माहीत आहे, आणि तोंडावर मी कधी मानलेही नसते, पण कागदावर माणूस जरा धीट होतं. सडकेत गेलेल्या जमिनीच्या पट्टीचा सरकारी मोबदला आला आणि तुम्ही त्यातला आईचा हिस्सा काढून चेक रामकिसनच्या हाती पाठवलात. आईनं हक्कसोडीच्या कागदावर अंगठा केला तेव्हा मी तिच्या कडेवर होते (आणि इतकी रडत होते की तिनं घाईघाईत दोनदा अंगठा केला, असं ती हसत सांगायची). म्हणजे कागदानं तुमच्याकडे काही निघत नव्हतं, आणि मागणारी तर आता राहिलीच नाही. मी रामकिसनला विचारलं, मामा काय म्हणाले? तो म्हणाला, "काय न्हाई. म्हणले, अक्काचं व्हतं, अक्काच्या लेकीला देऊन ये." बास, एवढंच. मी तो चेक घेऊन ओसरीत बसले ती हे चहा मागायला येईपर्यंत बसलेच. मग ह्यांनीच चहा केला. (आमच्या लग्नात असं फारसं घडलेलं नाही, म्हणून तेही तुमच्याच उपकारात धरते.)

आता त्या पैशाचं काय झालं ते सांगते. चेक इथल्या बँकेत माझ्या खात्यावर भरला. तिथला शिपाई आमच्या काकासाहेब भाऊजींचा साडू. मी स्लिप भरून, देवळात डोकं टेकवून, भाजी घेऊन घरी आले तर रक्कम माझ्या आधी येऊन बसली होती. भाऊजी ओसरीवर मांडी घालून, आणि चेहऱ्यावर असा भाव की पैसे त्यांनीच वाढवून दिलेत. मळणीयंत्र कसं आपल्या घरात असायला पाहिजे, हे त्यांनी मला फार प्रेमानं समजावलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एकीनं लेकीच्या बाळंतपणाचा विषय काढला, तिसऱ्या दिवशी एका पतसंस्थेचा एजंट पेढे घेऊन आला. मामा, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मला नाही म्हणता येत नाही. लहानपणी तुमच्याकडे शाळेला होते तेव्हा मामी तिसरी भाकरी वाढायच्या आणि मी ती खाऊन मग रात्रभर पोट धरून बसायचे. मळणीयंत्राला मी आठवडाभरात हो म्हटलं असतं, हे मला दिसत होतं. आणि आईचा हिस्सा ज्वारीच्या भुशात उडून जाताना पाहायला मी तिथं डोक्याला पदर बांधून उभी राहिले असते.

तेव्हा औरंगाबादहून लेकीनं फोनवर सांगितलं की अशी एक बँक आहे, जिला इमारतच नाही. सगळा कारभार इंटरनेटवर. तिथं मुदतीची ठेव ठेवायची, व्याज साडेदहा टक्के, आणि एकदा ठरलं की बाहेर दर वर जावो की खाली येवो, ठेव संपेपर्यंत तेच. मधे पैसे काढता येत नाहीत. हे शेवटचं वाक्य ती जपून बोलली, पण मला तेच सगळ्यात आवडलं. म्हणजे जे मला म्हणता येत नाही ते बँक माझ्या वतीनं म्हणणार, आणि तिच्या ओसरीवर जाऊन कुणी बसू शकणार नाही, कारण तिला ओसरीच नाही.

घरात मात्र कुणाला पटेना. भाऊजी म्हणाले, जिला घर न्हाई दार न्हाई तिच्यात पैसा ठेवायचा म्हणजे पोरगी देताना नवरदेवाचं गावच न विचारल्यासारखं. ह्यांचा आक्षेप वेगळाच. कापूस लावणाऱ्या माणसाला ठरलेला भाव ही कल्पनाच सहन होत नाही. "जे ठरलं तेच देणार? मंग त्यात पाहायचं काय?" असं ह्यांचं म्हणणं. पण मला वाटलं, मामा, की आयुष्यात एक तरी गोष्ट अशी असावी जिचा भाव रोज सकाळी विचारावा लागत नाही. एक वर्ष, तीन वर्षं आणि पाच वर्षं अशा तीन मुदती होत्या. मी पाच घेतली. (पाच वर्षांत भाऊजी मळणीयंत्र विसरतील किंवा दुसऱ्या कुणाकडून घेतील.) दर या महिनाअखेरपर्यंतच आहे, पुढे उतरणार म्हणतात, म्हणून जल्दी केली.

कागद जमवताना पहिली अडचण माझीच निघाली. शाळेच्या दाखल्यावर मी झुंबर आणि लग्नानंतरच्या सगळ्या कागदांवर नंदा. इतकी वर्षं तुमच्या घरात झुंबर आणि या घरात नंदा असा दोघींचा संसार सुखानं चालला होता, पण बँकेला एकच बाई हवी होती. मग तहसीलला जाऊन स्टॅम्प पेपर केला, की सदर झुंबर व सदर नंदा ही एकच व्यक्ती आहे. वकिलानं सहज विचारलं, एकच आहे ना? हो म्हणायला मला जरा वेळ लागला.

फॉर्म भरायला तातेरावच्या दुकानात गेले. पूर्वी त्याचा एसटीडी बूथ होता, आता दोन कॉम्प्युटर आहेत, पण आवाज अजून ट्रंक कॉलचाच. मी चष्मा घरी विसरलेले, म्हणून तो स्क्रीनवरचं वाचून मराठीत सांगत होता, आणि दुकानात निकाल बघायला, रेल्वेचं तिकीट काढायला आणि नुसतं पंख्याखाली बसायला आलेली सगळी माणसं ऐकत होती. त्यात आमच्या मागच्या गल्लीतली आसराबाईही होती. नाव, पत्ता, रक्कम, सगळं दुकानाच्या साक्षीनं पार पडलं. (ज्या गुप्ततेसाठी मी एवढी धडपड केली, ती तिथंच संपली होती, पण मला ते उशिरा कळलं.) मग तातेरावनं जाहीर केलं की आता एक गुप्त प्रश्न निवडायचा आहे. पासवर्ड विसरला तर बँक हा प्रश्न विचारणार, आणि उत्तर आपल्याशिवाय कुणालाच माहीत नको.

"पहिली शाळा कोणती?" त्यानं विचारलं. माझ्या आधी तिकीटवाल्यानंच सांगितलं, हसनाबादची, बाई आजोळीच तर शिकल्या. पाळीव जनावराचं नाव? आसराबाई म्हणाली हरणी, आणि ती सध्या दूध किती देते तेही म्हणाली. पहिले गुरुजी? दाराशी उभा असलेला माणूस त्यांचा पुतण्या निघाला. आईचं माहेरचं आडनाव? आसराबाईची लेक तुमच्याच गावात दिलेली. ते आडनाव तुमच्या ट्रॅक्टरवर हातभर अक्षरांत रंगवलंय म्हणे. तातेरावनं हात टेकले. मामा, तेव्हा मला कळलं की गावात राहणाऱ्या बाईला बँकेपासून लपवण्यासारखं बरंच असेल, पण गावापासून लपवण्यासारखं काही नसतं.

शेवटी बँकेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. फोनवर एक मुलगी आली, इतकं गोड बोलली की मला तिला जेवायला बोलवावंसं वाटलं. तातेरावनं स्पीकर चालू केला होता. ती म्हणाली, "ताई, उत्तर सांगण्याआधी बघा, तुमच्या आसपास कुणी नाही ना?" सगळ्या दुकानानं एकमेकांकडे पाहिलं. आणि माझ्या आधी आसराबाईच बोलली, "बिलकुल न्हाई. कोणीच न्हाई इथं." पलीकडे हसू दाबल्यासारखा आवाज आला. मग म्हणाली, ताई, आडनावच हवं असं नाही. आईशी संबंधित काहीही चालेल, फक्त ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नसावं.

मी म्हटलं, मग आईचं माहेरचं नाव टाकूया. आडनाव नव्हे, नाव. द्वारका हे तर तिचं सासरी आल्यावरचं. त्या आधी तुमच्या घरात तिला ज्या नावानं हाका मारायचे, ते. तातेरावनं बोटं कळफलकावर ठेवली आणि म्हणाला, सांगा.

आणि मामा, मला ते येईना.

मी दुकानाकडे पाहिलं. इतका वेळ प्रत्येक उत्तर माझ्या आधी देणाऱ्या त्या माणसांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. आमचे वडील तिला नावानं हाक मारतच नव्हते. रेशन कार्डावर द्वारकाबाई, तुमच्या अंगणात अक्का, आमच्यासाठी आई. एकदा लहानपणी मी तिला विचारलं होतं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "ते तिकडच्या तिकडं राह्यलं." मला ते उत्तर वाटलं, म्हणून पुन्हा विचारलं नाही. आसराबाई पदराचं टोक चाळवत होती. मग म्हणाली, "माझं शेवंता व्हतं." तिला कुणी विचारलं नव्हतं. तातेरावसुद्धा हळू आवाजात म्हणाला, चांगलंय की. तेवढ्यात लाइट गेली (आपली वेळेवर), आणि सगळे बाहेर उन्हात आलो. बाकीचा भरलेला फॉर्म बँकेकडे महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलेला आहे, असं तातेराव सांगतो.

तर मामा, एवढ्यासाठी हे लांबलचक पत्र. तुमचे पैसे नीट ठिकाणी जात आहेत, कुठेही उडवलेले नाहीत, आणि तुमची भाची कधी नव्हे ती शहाणी झाली आहे, हे कळवायचं होतं. आईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि तरी तिच्या वाटणीचं तुम्ही आठवणीत ठेवलंत. रस्त्यावरून जाताना डांबर दिसलं तरी मला आता तुमची आठवण येते, आणि डांबर पाहून डोळे भरून येणारी या तालुक्यात मी एकटीच असेन. मामींना डोळ्यावर ऊन येऊ देऊ नका म्हणावं.

तुमची भाची,
झुंबर
(स्टॅम्प पेपरप्रमाणे नंदासुद्धा)

ता. क. आईचं माहेरचं नाव काय होतं? आजी-आजोबा गेले, मामी नंतर आल्या. आता ते माहीत असणारं जगात कुणी असेल तर तुम्हीच.

ता. क. दुसरा. पण ते पत्रातून कळवू नका. आमचे पोस्टमन कार्डं वाचतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पाकीट असलं तर उजेडाकडे धरून वाचतात. संध्याकाळपर्यंत गावभर होईल आणि बँकेच्या कामाचं राहणार नाही. फोनही नको. तुम्ही मोबाइलवर हसनाबादहून ज्या जोरानं बोलता, त्याला मधे फोन असायची गरजच नसते. तेव्हा एकच मार्ग उरतो. तुम्हीच या आणि माझ्या कानात सांगा. जालन्याहून जीप मिळते, पुढच्या सीटवर बसा, गुडघ्याला बरं पडेल.

ता. क. तिसरा. आईच्या तेराव्यानंतर तुम्ही इकडे आला नाहीत. अक्का नसलेल्या घराकडे पाय उचलत नाही, असं तुम्ही रामकिसनपाशी म्हणाल्याचं मला कळलं, आणि त्याचा मला राग नाही. शेवटची वर्षं ती माझ्याकडे होती तेव्हाची तिची खाट अजून ओसरीतच आहे, मी हलवलेली नाही. तुम्हाला ती बघवणार नसेल तर मागच्या दारानं या. ह्यांना दार उघडून ठेवायला सांगते. आणि तुम्हाला ते नाव आठवत नसेल, तरी या. मग तुम्ही ज्या नावानं तिला हाक मारायचात तेच टाकू म्हटलं असतं, पण बँकेला निदान सहा अक्षरं लागतात, 'अक्का' कमी पडतं.

ता. क. शेवटचा. खोटं बोलत नाही, म्हणून लिहिते. काल त्या मुलीला मी पुन्हा फोन केला. ती म्हणाली, ताई, एवढं कशाला थांबता, काहीही शब्द टाका, गाईचं नाव उलटं लिहा, पाच मिनिटांत ठेव होईल. महिना संपला तर दर जाईल. मी तिला सांगितलं, जाऊ दे दर. माझे मामा यायचे आहेत.