शेफर्ड हे आडनाव कुणाचं

सिस्टर,

सोमवार, चौदा जुलै, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. धाराशिवच्या कचेरीत जातपडताळणीच्या खिडकीवरल्या माणसानं माझा शाळा सोडल्याचा दाखला दोन बोटांनी वर धरला आणि माझ्या शेजारी उभ्या पोरीला विचारलं, "ही शेफर्ड बाई तुझी कोण?" ती म्हणाली, "आजोबांची सख्खी बहीण." तो हसला. "तू धनगर आणि आजी ख्रिश्चन? आधी घरी ठरवून या." मी समोर उभी होते, पण माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. अपमान त्यानं केला, शाई तुमची होती, म्हणून हे पत्र तुम्हाला. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, ही सबब मी मान्य करत नाही.

पोरगी माझ्या भावाची नात. नर्सिंगला तिचा नंबर लागलाय, तो या पडताळणीवर अडलाय. त्यासाठी घरातल्या कुणाचा तरी शाळेचा जुना कागद लागतो, आणि आमच्या पिढीत शाळेत गेलेलं माणूस एकच, मी. बाकीचे सगळे मेंढरांमागं. म्हणजे अख्ख्या घराण्याचा पुरावा मी, आणि माझ्या दाखल्यावर आडनाव इंग्रजांचं, जातीचा रकाना कोरा. भाऊ म्हणाला, "तायडे, तुझ्या त्या नावानं पोरीचं वाटोळं व्हायला लागलंय."

तो दिवस मला लख्ख आठवतो. सोलापूरच्या मिशनच्या शाळेतली तुमची खोली, वडील खांद्यावरची घोंगडी काढून हातात धरून उभे. तुम्ही विचारता, आडनाव काय? ते म्हणतात, "आमाला कशाचं आडनाव, बाई. मेंढरं राखतो. तामलवाडीचे धनगर म्हणत्यात." तुमचा टाक क्षणभर थांबतो आणि मग चालू लागतो. जातीच्या रकान्यापाशी तुम्ही मान हलवता. "हा मी कुणाचाच भरत नाही." वडिलांना वाटलं, फी माफ झाली. त्यांनी हात जोडले.

आठवीत मुली मला बघून में में करायच्या. मी रागानं तुमच्याकडं आले, तर समजूत काढायची सोडून तुम्ही इतिहास सांगत बसलात. तुमच्या देशातही एके काळी आडनावं नव्हती म्हणे. राजाचे कारकून करवसुलीला गावात यायचे, तर एका गावात दहा जॉन. मग विचारायचे, तू काय करतोस? लोहार तो स्मिथ झाला, पिठाची चक्की चालवणारा मिलर झाला, मेंढपाळ शेफर्ड. पुढं नातू कापड विकायला लागला, पणतू बोटीवर गेला, मेंढरं संपली, तरी नाव राहिलं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या वडिलांना विचारलं, तेच त्यांनाही विचारलं होतं." मी म्हणाले, "त्यांचं त्यांच्या भाषेत लिहिलं, सिस्टर. माझं तुमच्या भाषेत लिहिलंत." तुम्ही मला व्हरांड्यात उभं केलंत. शाळा सुटेपर्यंत एकदाही बाहेर डोकावला नाहीत, हेही इथं नोंदवते.

त्या नावानं मी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढली. दर डिसेंबरात टेबलाभोवती घोळका, "शेफर्ड मॅडम, केक कुठंय?" पहिली दोन वर्षं खुलासा केला, मग मुकाट्यानं केक आणू लागले. गावी गेले की पारावरून हाक यायची, "मडमीण आली रे." दोन्हीकडं मी पाहुणी.

आता मुद्द्याचं. शाळा सोडताना तुम्ही मला तुमचा शब्दकोश दिलात. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तुमचं मठात येण्याआधीचं नाव होतं, एका रेघेनं खोडलेलं. आडनाव शेफर्ड. तुमच्यात व्रत घेतलं की ते सोडावं लागतं, हे मला ठाऊक होतं. खाली तुमच्या बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, 'तामलवाडीच्या धनगराच्या मुलीस, माझ्या वडिलांचं नाव सांभाळल्याबद्दल.' खाली तारीख, सही, शाळेचा शिक्का. जातीचा जो रकाना तुम्ही कधी भरला नाहीत, तो तिथं भरलेला होता. मी सोळा वर्षांची होते. सगळं समजलं आणि कुणालाही सांगितलं नाही. या सोमवारीही खिडकीसमोर मी गप्पच राहिले.

खिडकीवाला म्हणतो, जात लिहिलेला शाळेचा दुसरा जुना कागद आणा, झेरॉक्स चालणार नाही, मूळच हवा. गुरुवार, एकतीस जुलै, संध्याकाळी पाच ही शेवटची मुदत. काल मी ते पान ब्लेडनं कापलं. भावाची नात म्हणाली, "आजी, मी कापू का?" मी तिला चहा टाकायला पाठवलं. पान आज कचेरीत जाईल. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात वकिलानं शेवटी एक ओळ घातली होती, की इथून पुढं मी हे आडनाव लावणार नाही. ती मी एका रेघेनं खोडली आणि खाली शेफर्ड अशीच सही केली.

तेव्हा तुम्हालाही तीच मुदत. मला न विचारता तुमच्या बापाचं नाव माझ्या गळ्यात का घातलंत, याचं लेखी उत्तर गुरुवारी पाचच्या आत द्यावं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून शब्दकोशात कापलेल्या पानाच्या जागी ठेवते आहे. उत्तरही तिथंच ठेवा.