काढा त्या भाजीतला नव्हता

पुणे, शुक्रवार

बाबा, तुम्हाले अन् आईले जयभीम.

काल फोनवर मी तुमच्यावर ओरडली, ते मनाले लागून राह्यलं. आईसाठी बिनमिठाची दोडक्याची भाजी तुम्ही मोबाईलवर शोधली, यात तुमची चूक नाई. पण त्या भाजीची कृती चालू असताना मधातच 'किडनीचा काढा' आला, ती जाहिरात होती. तुम्ही तो भाजीसोबतचा समजून तिले तीन दिवस पाजला! डॉक्टरले सगळं खरं सांगजा.

म्हणून या कागदावर फक्त भाजी लिहून राह्यली. दोन दोडके, लसणाच्या चार पाकळ्या, चमचाभर तेल, चिमूटभर तिखट. झाकण ठेवून शिजवजा. हे इथल्या डॉक्टरले विचारून लिहिलं. ओट्याजवळ चिकटवजा, कागदावर मधातच काही उगवत नाई.

तुम्ही वेळेवर जेवता का?

आई मले फोनवर 'बरी आहो' म्हणते. तिले विचारूच नका. रोज सकाळी तिच्या पायावर अंगठा दाबून सूज आहे का ते पाहजा. खड्डा तसाच राह्यला, तर नालवाडीच्या चौकातून ऑटो करून आधी दवाखान्यात न्या. मले मंग सांगजा.

तुमची,
वर्षाली