झटक्याचं बनियन

३ मार्च
ठरलं. बंद पडलेल्या हृदयाला झटका देऊन चालू करणारं मशीन जगभर भिंतींवर लटकतंय, पण ते बनवणाऱ्यांनी इटलीतल्या पो नदीकाठची आमची माणसं पाहिलेली नाहीत. त्यांचे ते दोन चिकट पॅड म्हणे उघड्या छातीवर लावायचे. उघड्या! इथे साठीनंतर माणसाची छाती फक्त डॉक्टर बघतो, तीही खिडकी लावून घेऊन. शर्टाच्या आत लोकरी बनियन, ते जूनपर्यंत निघत नाही, कारण वारा लागेल. बटणं सोडा, बनियन काढा, मग केसांचं जंगल, त्यात गळ्यातलं चर्चचं पदक. तोवर पेशंट गार.
माझा उपाय: पॅड बनियनमध्येच विणायचे. रोज अंगात असणार. हृदय थांबलं की बाहेर काढलेली पिन मशीनला जोडायची, बटण दाबायचं. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचू नये!
लोरेदाना म्हणाली, तू जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलास, हृदयातलं तुला काय कळतं. म्हटलं, तत्त्व एकच आहे. बायकोला तत्त्व समजावणं अवघड.

९ मार्च
बंद पडलेल्या जिममधून जुनं मशीन मिळालं. सोबतचे चिकट पॅड कचऱ्यात टाकले. कालबाह्य कल्पना.
मशीनमध्ये एक बाई सूचना देते. भलतीच कडक, शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखी. तिला काढून माझा आवाज भरला. गॅरेजमध्ये दुपार गेली, पण काय धीर वाटतो ऐकून! 'शांत राहा. मी सांगतो तसं करा.' स्वतःचंच तीनदा ऐकलं. चौथ्यांदाही.

१७ मार्च
बोच्चे क्लबात गेलो, वाळूत गोळे टाकायचा आमचा खेळ तिथे चालतो. नव्या नियमाने क्लबात मशीन नसेल तर मे महिन्यातली स्पर्धा रद्द. अध्यक्ष नेरिओ साधं मशीन मागवणारच होता, वेळेवर अडवला. म्हटलं, माझं घ्या, फुकट. नेरिओने फोन तिथल्या तिथे खाली ठेवला. सर्टिफिकेटचं विचारलं त्याने. ती निव्वळ औपचारिकता, अर्ज लिहायला घेतलाच आहे (घ्यायचा आहे).
मग म्हणतो, "काय इंजिनिअर, हे धुवायचं कसं?"
शास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न आधी कुणी विचारला नसेल. मी विषय स्पर्धेकडे वळवला. (बघितलं पाहिजे.)

२२ मार्च
नगरपालिकेत प्रथमोपचाराचा वर्ग आहे. छाती कशी दाबायची, मशीन कसं लावायचं वगैरे. लोरेदाना जाते आहे. मलाही चल म्हणाली. ज्याने मशीन सुधारलं त्याने रबरी बाहुलीसमोर गुडघे टेकायचे? नाही गेलो. घरी सारण भरलेले तोर्तेल्ली उकळायला टाकले, सगळे फुटले. पीठच वाईट होतं.

२ एप्रिल, रात्री
क्लबात बनियनवाटप. अपेक्षित होता कृतज्ञतेचा वर्षाव. मिळाल्या तक्रारी. वीज नेणारा चांदीचा धागा टोचतो. रंग उदास आहे. नेरिओला त्यात पोट दिसतं. पोट त्याचं, दोष बनियनचा. एकाने तर सॉसचा डाग पाडून परत केलं.
सासरेबुवा अमोसबाबा मात्र भला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात नळी घातली आहे. सर्वांत आधी त्यांनीच हात पुढे केला. म्हणाले, "आण इकडे. जावयाने केलंय म्हणजे चांगलंच असणार." मला भरून आलं.
झोपताना लोरेदानाने विचारलं, हे खरंच चालेल ना, बाबांचा जीव आहे. मी म्हटलं, शंभर टक्के.

११ एप्रिल
चाचणी. उघड्या अंगावर बनियन घातलं, पिन जोडली, हिरवा दिवा लागला. उत्कृष्ट. सासरेबुवांवरही करणार होतो, पण त्यांना पत्ते खेळायला जायची घाई होती. माझ्यावर चालतं म्हणजे त्यांच्यावर चालणार. छाती ती छाती.
क्लबातल्या बाकी सगळ्यांनी बनियनं सोडली. सासरेबुवा रोज घालतात. गळ्याशी चांदीची कड दिसते, शर्टाचं वरचं बटण मुद्दाम उघडं ठेवतात, मला दिसावी म्हणून. एक खरा ग्राहक पुरे.

२० एप्रिल
क्लबातल्या मशीनच्या उद्घाटनाचं भाषण लिहिलं. लांबलंय, पण कुठे कापावं कळेना. अर्ज उद्या नक्की.

२६ एप्रिल
आज क्लबात घडलं ते.
सासरेबुवा गोळा टाकायला वाकले आणि तसेच वाळूत पडले. मी मशीन आणलं. पिन जोडली. लाल दिवा. काढून पुन्हा जोडली. लाल. मशीन माझ्या आवाजात बोलू लागलं: 'शांत राहा. छातीशी संपर्क नाही. शांत राहा.' मी उभा. नुसता उभा.
लोरेदाना हातातला कॉफीचा कप टाकून धावत आली. शर्ट फाडला. माझं बनियन वर ओढलं. त्याच्या आत त्यांचं स्वतःचं जाड लोकरी बनियन.
तिने नेरिओला औषधाच्या दुकानातलं मशीन आणायला पिटाळलं आणि छाती दाबायला घेतली. मशीन बोलतच होतं. ती ओरडली, "बंद कर तो आवाज!" मला वाटलं मलाच म्हणते आहे, पण मी तर एक शब्दही बोललो नव्हतो.
नेरिओ धापा टाकत आला. दोन्ही बनियनं कात्रीने कापली. चिकट पॅड. एक झटका. मग सासरेबुवांचं बोट हललं. बाजूला जाऊन रडलो.

२९ एप्रिल
हॉस्पिटल. सासरेबुवा बसते झाले आहेत, सूप पितात, मीठ नाही म्हणून कुरकुरतात. कॉरिडॉरभर मनात बचाव जुळवला होता: दोष यंत्राचा नाही, वापरणाऱ्याचा.
मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "फार टोचत होतं रे. म्हणून आत माझं घालायचो. तुला सांगितलं नाही, उगाच तोंड पाडून बसला असतास."
नाही, असं म्हणणार होतो. बसलोच असतो, आठवडाभर तरी.
बाहेर लोरेदाना हळू आवाजात म्हणाली, "तू रुसू नयेस म्हणून माझा बाप मरत होता." आणि आत निघून गेली.
नेरिओने साधं मशीन मागवलं आहे, नेहमीच्या चिकट पॅडचं. मी विरोध केला नाही. कुणी विचारलंही नाही.